दगड फिरतायत, वहिनी

घ्या ना वहिनी, हवा तेवढा कढीपत्ता घ्या, विचारताय काय! फक्त शेंडा खुडू नका, खालच्या काड्या तोडा. आणि आता भिंतीशी आलाच आहात तर सांगूनच टाकते. काल रात्री भाऊजी गच्चीवरून वाकून आमच्या मागच्या मोरीकडे बघत होते. दिसलं मला. अहो, सरळ विचारायचं की. बोअरची मोटर बिघडलेली नाही, पिठाची गिरणी टाकलेली नाही, आणि आमच्या ह्यांचं घोरणंही नाही ते. दगड फिरतायत. रबराच्या पिंपात.

हसा, हसून घ्या. आमच्या सूनबाईने तिच्या आईला फोनवर सांगितलं, ‘सासूबाई रिटायर झाल्यापासून दगड धुतात.’ आतल्या खोलीतून बोलत होती, पण कान आहेत मला. धुतात म्हणे! धुणं त्यात चार आण्याचंसुद्धा नाही.

पिंप म्हणाल तर केवढं, तुमच्या लहान कुकरपेक्षाही छोटं. जेमतेम सव्वा किलो दगड मावतात. दोन रुळांवर आडवं ठेवायचं, खाली इवलीशी मोटर, की ते आपलं फिरत राहतं. आत पाऊण पिंप दगड, ते बुडतील न बुडतील इतकं पाणी आणि चार मोठे चमचे करकरीत पावडर. कार्बोरंडम. धारवाल्याच्या चाकात असतं ना, तेच. पहिल्या आठवड्याला 60 नंबरची, मग 220 ची, मग 500 ची आणि शेवटी पॉलिशची पांढरी, ॲल्युमिनियम ऑक्साइडची. आकडा वाढला की पावडर बारीक. जाड्या रव्यापासून सुरुवात करून मैद्यापर्यंत यायचं, असं धरा. एकेका नंबराला आठवडा, म्हणजे एक घाणा निघायला महिना. वीज? अहो, छताच्या पंख्यापेक्षा कमी खाते ती मोटर. आमच्या ह्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. छंद कुठलाही असो, पुरुषांना आधी बिल दिसतं.

आवाज फक्त पहिल्या आठवड्यात. दगडांना कोपरे असतात, पावडर जाड असते, खरखर होणारच. मी तर स्वयंपाकघरात बसून आवाजावरून सांगते आत काय चाललंय ते. एकसारखी खरखर चालू आहे तोवर सगळं ठीक. ठकठक ऐकू आली की समजायचं, दगड कमी पडले, एकमेकांवर आपटतायत, टवके उडणार. मग थांबवायचं आणि भर घालायची. तरी भाऊजींना सांगा, आजपासून खाली जुनं गोणपाट घातलंय, आणि दहानंतर बंदच ठेवीन. रात्री थांबवलं तर घाण्याला दोन-तीन दिवस जास्त लागतील, एवढंच.

आणि ड्रेनेजची काळजी करत असाल, तर तीही सोडा. आपली लाइन एकच आहे, मला माहीत आहे. पिंपातला तो राखाडी गाळ मोरीत जाऊच देत नाही मी. पाइपात बसला तर सिमेंटसारखा धरतो तो. बादलीत निवळू द्यायचा, वरचं पाणी काढायचं आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात. वाळू द्यायचा नाही. का, ते सांगते पुढे.

थांबा, त्याआधी दुसरी गोष्ट. तुमच्या सासूबाईंनी मला दारणेच्या पात्रात दगड चाटताना पाहिलं, असं कॉलनीभर झालंय ना? झालंय. खरं आहे ते. आता बाटलीतलं पाणी लावते, पण जवळ नसलं की जीभ. भूगर्भशास्त्राची मुलंही तेच करतात, विचारा कोणालाही. कोरडा दगड नदीत पांढुरका, भुरकट दिसतो, सगळे सारखेच. वरच्या बारीक ओरखड्यांत उजेड विखुरतो म्हणून तसं. पाणी लागलं की ओरखडे भरतात आणि आतला रंग वर येतो. महिनाभर घासून जे दिसणार, ते दोन सेकंदांत आधीच बघून घ्यायचं. पाणी लावूनही जो फिका, तो तिथेच सोडायचा. घरी आणायच्या निम्म्या दगडांचं ओझं त्याने वाचतं. सूनबाई त्याबद्दल काही बोलत नाही बघा आईला.

मिळतं काय म्हणता? गारगोट्या. आपण लहानपणी अंधारात पांघरुणात घासायचो ना, ठिणगी पडते का बघायला, त्याच. त्यातली चांगली जात म्हणजे अकीक. आपल्या पायाखालचा सगळा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस होऊन थरांवर थर पसरला. रस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं, आणि त्यातल्या सिलिकेची पुटं आतून भिंतीला बसत गेली. पुटावर पूट. तेच अकीकातले पट्टे. खडक झिजून मुरूम झाला तरी गारगोटी झिजत नाही, म्हणून ती सुटून नदीत येते. आपल्या गोदावरी-प्रवरेच्या काठाने तर तिला फार जुनं गिऱ्हाईक. संगमनेरजवळच्या जोर्व्याला उत्खनन झालं ना, तिथे तीन हजार वर्षांपूर्वी लोक याच गारेची पाती काढून वापरत होते. कापायला, सोलायला, खरवडायला. आपल्या नाशकातही पुरातत्त्ववाल्या सांकलियांनी 1950-51 मध्ये खणलं, तेव्हा असली पाती सापडली. फुटली की काचेसारखी धार येते तिला. मी वांगं चिरून बघितलंय. चिरतं.

पण सगळे दगड एका पिंपात चालत नाहीत बरं. इथे आमच्या ह्यांची कथा सांगायलाच हवी. वेरूळला गेले होते मित्रांबरोबर. तिथे रस्त्यावर मुलं टोपल्यांत स्फटिक घेऊन फिरतात ना, त्यांच्याकडून एक पीच रंगाचा झुबका घेतला. पाकळ्या पाकळ्या उमललेल्या, मोत्यासारखी चमक. काय सुरेख होता म्हणून सांगू! स्टिल्बाइट. आणि मला आनंद व्हावा म्हणून, मी माहेरी गेलेली असताना, गुपचूप टाकला पिंपात गारगोट्यांबरोबर. आठवड्याने मी झाकण उघडलं. गारगोट्या आहेत, पाणी दुधाळ झालंय आणि झुबक्याचं नाव नाही. पीठ झालं त्याचं. अहो, गारगोटीची कठीणता सात आणि स्टिल्बाइटची साडेतीन-चार, वर त्याचे पापुद्रे सुटतात ते वेगळंच. मोह्स नावाच्या जर्मन माणसाने दोनशे वर्षांपूर्वी ही एक ते दहाची उतरंड लावून ठेवलीय, सगळ्यात मऊ संगजिरं एक आणि हिरा दहा. पिंपात टाकायचे सगळे एकाच पायरीचे हवेत. मी खिशात चाकू आणि काचेचा तुकडा ठेवते. काचेवर ओरखडा काढला तर गारगोटी, घ्यायचा. चाकूनेच दगडावर ओरखडा उठला तर नाही घ्यायचा.

हे गप्प बसले दोन दिवस. मी काही बोलले नाही. वेरूळच्या फोटोतला झुबका मात्र मोठा करून फ्रिजला लावला.

पण वहिनी, माझं म्हणणं असं आहे की ह्या छंदातली खरी अक्कल घासण्यात नाहीच. कुठल्या दगडाला हात लावायचा नाही, हे कळण्यात आहे. आणि गंमत बघा, आपल्या महाराष्ट्राचं जगात ज्यांच्यामुळे नाव आहे ते दगड नेमके न घासायचेच. झिओलाइट आणि त्यांच्या बरोबरीने येणारे. त्याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत तेही वाढले, पण पुटं धरून नाही, टोकदार स्फटिक होऊन. भोर घाटात 1856 पासून रेल्वेचं काम चाललं होतं, तेव्हा खंडाळ्याकडच्या कातळातून असले घबाडच्या घबाड निघाले आणि विलायतेच्या म्युझियमात जाऊन बसले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट पाहिलंत का? पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळेभोर गोळे बसलेले, मोरपिशी म्हणावं की शाईसारखं, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये, पण जगभरचे शौकीन मागतात ते वाघोलीचं. त्याला नुसता ब्रश जोरात मारला तरी जीव जातो त्याचा. आणि जळगावकडचं हिरवट ॲपोफिलाइट! टोकं अशी लखलखीत की कुणाला वाटावं पैलू पाडलेत. पाडलेले नाहीत. तसंच येतं.

सिन्नरचं गारगोटी म्युझियम अजून पाहिलं नाही म्हणता? अहो, शिर्डीला जाताना वाटेतच तर आहे, एमआयडीसीत. 2001 पासून. नौदलात नोकरी केलेल्या पांडे नावाच्या गृहस्थांनी उभं केलंय. तिथे कपाटामागून कपाटं हिंडताना माझ्या ध्यानात आलं, ह्यातलं बहुतेक काही कोणी पॉलिश केलेलं नाही. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावल्यावर नुसतं हाताने अलगद उचललेलं आहे. उचलणाऱ्याचं कसब आहे ते. खाणीवरच्या कामगारांची नजर बघा एकदा. कातळाच्या तोंडावर कुठे पोकळी असेल हे त्यांना टिचकी मारून कळतं, आणि पहार बाजूला ठेवून बोटांनी माती काढतात. त्याचे पैसे व्यापाऱ्याला किती मिळतात आणि त्यांना किती, हा विषय काढला की माझं डोकं फिरतं, जाऊ दे.

कापायचं म्हणाल, तर ते वेगळं खातं. फरशीवाल्याकडे असतं तसलंच यंत्र आहे माझ्याकडे, लहानसं. चाकाला दात नसतात, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. परवा मुरमातून एक गोटा मिळाला लिंबाएवढा. वरून हिरवट साल, दिसायला अगदी बेंगरूळ. हातात घेतला तर आकाराच्या मानाने हलका. हलका म्हणजे आत पोकळ असणार. चाकाखाली पाण्याची धार सोडली, गोटा लाकडी पकडीत आवळला आणि हळूहळू पुढे सारला. जोर लावायचा नाही, चाक मागेल तेवढाच दगड द्यायचा. आवाज चढत जातो, मग शेवटच्या दोन मिलिमीटरला एकदम उतरतो, आणि टप्पकन दोन वाट्या होतात. बाहेरून हिरवी रेघ, मग राखाडी, मग दुधी, पुन्हा राखाडी, केसाएवढे पट्टे, नदीच्या नकाशासारखे वळत गेलेले, आणि मधोमध बोटाचं टोक जाईल एवढ्या पोकळीत साखरेचे दाणे चिकटावेत तसे स्फटिक. एका वाटीचं तोंड मी हातानेच घासलं. काचेवर पावडर, चार थेंब पाणी आणि इंग्रजी आठ काढत बसायचं. मालिका बघता बघता होतं. दुसरी वाटी तशीच ठेवली, करवतीचे ओरखडे दिसतात तशी. दाखवते थांबा... नाही, आत आहे, नंतर.

पाणी का, तर धुळीसाठी. हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका. गारगोटीची कोरडी धूळ नाकात गेली तर फुप्फुसात बसते आणि निघत नाही. सिलिकोसिस. गुजरातेतल्या खंभातला विचारा. तिकडे नर्मदेपलीकडे रतनपूरच्या खाणीतून अकीक निघतो आणि खंभातला घासला जातो. हजारो वर्षांचा धंदा. लोथलला तर मण्यांचा कारखानाच सापडला, भट्टीसकट. आपल्याकडचे लाल मणी तेव्हा इराकात उरच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले होते, साडेचार हजार वर्षांपूर्वी! लाल रंगही मूळचा नसतो बरं का. खाणीतून निघतो तो मळकट, तपकिरी. महिनोन्महिने उन्हात टाकायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या धगीत भाजायचा. आतलं लोह तापून लाल होतं. भोकं पाडायला टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेलं ड्रिल, धनुकलीने फिरवायचं. तिथल्या खाणवाल्यांचा पीर आहे बाबा घोर, सिद्दी लोकांचा. त्याच्या दर्ग्याला हात जोडून कामाला लागतात. एवढं सगळं मोठं, आणि घासणारा माणूस मात्र घरातच चाकाशी बसून घासतो, धूळ घरभर, पोराबाळांच्या श्वासात. ऐन चाळिशीत खोकून खोकून जातात माणसं. म्हणून मी गाळ वाळू देत नाही, कापताना मास्क लावते, आणि आमचा नातू आला की यंत्राला कापड घालते. आपल्याला तर हौस आहे, पोटाची गरज नाही. आपण एवढंही सांभाळलं नाही तर लाज वाटायला हवी.

हां, आणि एक सांगायचं राहिलंच. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी ते गुलाबी अकीकाचे काप घेतलेत ना, चहाच्या कपाखाली ठेवायला? जांभळे पण आहेत. ‘एनर्जीचे’ आहेत म्हणाल्या, मन शांत होतं. किंमत सांगितली तेव्हा माझं झालं नाही शांत. तसला राणी कलर अकीकात नसतो हो. रंगवलेला आहे. अकीकात बारीक छिद्रं असतात, काही पट्टे रंग पितात, काही पीत नाहीत, म्हणून तर ते पट्टे उठून दिसतात. जर्मनीत इडार-ओबरश्टाइन म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात ही विद्या पार टोकाला नेली. साखरेच्या पाकात भिजवून मग गंधकाच्या तेजाबात टाकायचं, की आतली साखर जळून दगड काळा कुळकुळीत. त्या गावचे कारागीर पूर्वी पाणचक्कीवरच्या भल्यामोठ्या दगडी चाकापुढे पोटावर पालथे पडून घासायचे. पायाने मागे रेटा द्यायचा आणि हातातला दगड चाकावर दाबायचा. त्यांच्या गावचा अकीक संपला, तेव्हा तिकडून ब्राझीलला गेलेल्या लोकांना तिथे ढिगाने सापडला, आणि तो जहाजाने गावी यायला लागला. रंगवणं काही पाप नाही, पण रंगवलंय म्हणून सांगा. बाईंना मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. फार तर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा एखाद्या कोपऱ्यावर फिरवायला सांगा, कधी कधी उतरतो रंग.

तुमचा नर्मदेचा बाण? परिक्रमेहून आणलेला? बघू बघू. वा! तांबूस आणि करडा, केवढा छान पट्टा आहे मध्ये. बकावांचा असणार. नर्मदाकाठचं ते गावच त्या कामाचं. नदीतून दगड काढायचे आणि घरोघरी घासून, आकाराला आणून चमकवायचे. अर्धं काम नर्मदेनं केलेलं असतं, अर्धं गावानं. नाही हो, ह्याला आणखी पॉलिश कशाला? देव्हाऱ्यात रोज पाणी पडतंय, गंध लागतंय, तेच बास. आणि सासूबाईंच्या शाळिग्रामाला तर चुकूनही हात लावू देऊ नका कोणाला. गंडकीतला काळा मऊ दगड तो, आत प्राण्याच्या शंखाचा ठसा. एका घाण्यात चक्र जाईल.

लोणारला जाताय दिवाळीत? जा की. पण तिथला खडा खिशात घालू नका. संरक्षित जागा आहे, अभयारण्यही आहे. किल्ल्यांवरून, लेण्यांतूनही नाही. मी नदीत नाहीतर खाणीवर, तेही मुकादमाला विचारून, सुरुंगाची वेळ सोडून. चपला नाही चालत, बूट लागतात.

काय म्हणालात, भाऊजींना तुमचा पाटा पॉलिश करून हवाय? गुळगुळीत, आरशासारखा? अहो, मग वाटण कशावर वाटणार, मिरची घसरून भिंतीवर जाईल! पाटा झिजून गुळगुळीत होतो म्हणून तर त्याला टाकी लावतात. पॉलिशवालीकडे नाही, टाकीवालीकडे द्यायचा तो. ती येते की, बुधवारच्या बाजारात बसते नदीकाठी, छिन्नी-हातोडी घेऊन. गल्लीत येणं बंद केलंय तिने, म्हणते मिक्सरवाल्या घरांत कोण देतं. माझ्याही पाट्याला लावायचीय. दोन्ही बरोबरच नेऊ रिक्षाने, दोन पाट्यांचे म्हणून काहीतरी कमी करेल. मात्र भाऊजींना उचलायला सांगा, आमच्या ह्यांची कंबर धरलीय.